नानांचं भरीत आणि ज्योत्स्नाची माफी

असोद्याच्या ज्योत्स्नाला बिनधास्त केलं ते जळगावच्या एका खासगी रेडिओ स्टेशननं. स्टेशनचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कोण करणार? चौकाचौकात फलक लागले. डोळ्यांवर लाल गॉगल, कमरेवर हात आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'बिनधास्त ज्योत्स्ना! कुणाच्या बापाला घाबरत नाही!' बिचारीनं जन्मात गॉगल घातला नव्हता. तो फोटोवाल्याचा होता, फोटो झाल्यावर त्यानं परत मागून घेतला.

पण माइक मात्र तिचा होता. शाळेत 'गावंढळ बोलू नकोस' म्हणून जिला वर्गात उभं करायचे, ती पोर रोज सकाळी अख्ख्या जिल्ह्याशी घरच्या बोलीत बोलायची. केळीच्या गाड्या भरणारे हमाल, बांगड्या विकणाऱ्या मुमताजचाची, दवाखान्यातल्या नर्सा, सगळे तिला फोन करायचे. त्या काचेच्या खोलीत बसलं की तिला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. आणि हे वाटणं तिला जिवापाड प्रिय होतं.

आता जीवरामनाना. निवडणुकीला उभं राहायचं म्हणून या गृहस्थांना हिवाळ्यात अचानक शेतकऱ्यांचा कळवळा आला आणि त्यांनी मळ्यावर भरीत पार्टी ठेवली. पांढरेशुभ्र कपडे घालून नाना लाकडी बडगीत वांगी ठेचतायत, असा फोटो फेसबुकवर टाकला. 'मातीशी नातं' असंही लिहिलं. अहो, कसलं नातं? सदऱ्यावर एक शिंतोडा नाही! वांगी भाजली, सोलली, ठेचली ती असोद्याच्या बायांनी. कपाशीच्या काड्यांच्या धुरानं त्यांचे डोळे सुजले, आणि नानांनी फोटोपुरती मुसळी हातात घेतली.

त्या बायांत ज्योत्स्नाची मावशी होती, बेबाबाई. असोद्यात भरिताची रीत साधी आहे : ज्यानं भाजलं, ठेचलं, तो त्याच पंगतीला बसतो. मग घरचा असो की मजुरीचा. पण नानांच्या पंगती उठता उठेनात, पुढारी आले, पुढाऱ्यांचे ड्रायव्हर आले, आणि बायांपर्यंत येईतो पातेली खरवडून झाली होती. संध्याकाळी बेबाबाई बहिणीच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या घरी आली आणि उरलेली खिचडी खाऊन गेली. तक्रार एका शब्दाची नाही. ज्योत्स्नाचा मात्र जीव जळाला. तिनं नानांच्या फोटोखाली एवढंच लिहिलं : 'भरीत ठेचणाऱ्या बाया फोटोत दिसत नाहीत. त्यांना वाढलं का, नाना?'

झालं! नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेकडो बायांनी त्या प्रश्नाखाली आपापल्या घरच्या पंगतीच्या कथा लिहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनप्रमुख हितेंद्रनं ज्योत्स्नाला केबिनमध्ये बोलावलं. जिल्हाभर 'कुणाच्या बापाला घाबरत नाही' म्हणून फलक लावणारा हा वाघ, नानांच्या एका फोननं पार मांजर झाला होता.

"तू ब्रँड आहेस, ज्योत्स्ना," तो म्हणाला. "ब्रँडला स्वतःचं मत नसतं. कंपनीचं सोशल मीडिया धोरण वाचलंस का?"

"सर, मी मत कुठे दिलं? विचारलं फक्त."

"विचारायचंसुद्धा नसतं."

"मग ललित लिहितो ते?"

ललित संध्याकाळचा कार्यक्रम करायचा. फेसबुकवर तो पलीकडच्या मोहल्ल्यातल्या माणसांबद्दल असं काही लिहायचा की वाचणाऱ्यानं आंघोळ करावी. त्याला हितेंद्र पाठीवर थाप मारून 'जरा दमानं घे रे' म्हणायचा, तेही हसत. त्याच्यावर नाना चिडत नव्हते ना! धोरण काय ते ज्योत्स्नासाठी.

तिचा कार्यक्रम बंद झाला. परत हवा असेल तर माइकवर माफी मागायची, असं ठरलं. मजकूर हितेंद्रनंच लिहिला : 'भगिनींना त्याच दिवशी सन्मानानं जेवू घातलं होतं. माझा प्रश्न चुकीच्या माहितीवर आधारित होता.' ज्योत्स्ना घरी बसून तो कागद वाचायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सकाळी तिच्या वेळेला रेडिओवर नुसती गाणी वाजायची, तेव्हा तिला रडू यायचं. शेवटी ती हरली. वाचते म्हणाली. स्वतःच्या मावशीच्या पोटाबद्दल खोटं बोलायला तयार झाली, आणि याची तिला इतकी लाज वाटत होती की मावशीच्या दारावरून जाणं तिनं सोडलं.

हितेंद्रला तेवढ्यानं कुठे समाधान! त्याला वाटलं, माफीच्या आधी त्या बायांपैकीच एखादी थेट प्रक्षेपणात बोलली तर नाना खूश होतील. नानांचा माणूस म्हणाला, "काळजी नको, बाया तयार आहेत, व्हिडिओसुद्धा काढलाय." आणि त्यानं नेमकी बेबाबाईला गाडीत घालून आणली. ती कोणाची कोण, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. गावातली बाई म्हणजे बाई, तिला नातीगोती असतात हे या लोकांना कुठून माहीत!

मावशीला काचेच्या खोलीत पाहून ज्योत्स्नानं माफीचा कागद पाठीमागे लपवला. बेबाबाई मात्र खुशीत होती, इरकली लुगडं नेसून आली होती. "हेच का तुहं रेडिओचं घर?" म्हणून तिनं खुर्चीवर हात फिरवला.

लाल दिवा लागला. हितेंद्र स्वतः माइकवर बसला, आवाजात साखर घोळून.

"मावशी, नानांच्या मळ्यावर पोटभर जेवलात ना?"

"हाव, जेवलो ना! सगया बाया जेवलो. खोटं कायले बोलू?"

हितेंद्रनं ज्योत्स्नाकडे बघून भुवया उडवल्या. इथं गप्प बसला असता तर काम फत्ते होतं. पण हाव सुटली.

"आणि पार्टीच्या दिवशीचं ते भरीत कसं झालं होतं, सांगा ना श्रोत्यांना!"

"पार्टीच्या दिवशीचं मले काय मालूम, बापा?" बेबाबाई म्हणाली. "त्या दिवशी मानसंच लय झाले. मी हिच्या घरी जाऊन खिचडी खाल्ली. जेवलो ते परवा, तिथंच. नानाचा मानूस वांगे घेऊन आला, म्हने भाजा, ठेचा अन् तुम्हीच खा, व्हिडिओ काढायचा आहे. पहिला घास बरोबर दिसला नाई म्हनून दोनदा घ्यायले लावला. पन नाना मानूस चांगला! ध्यानात ठेवून बोलावलं."

ती मनापासून कौतुक करत होती, हो! हितेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं ज्योत्स्नाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं : वाच, लवकर वाच!

ज्योत्स्नानं कागद उलटा करून टेबलावर ठेवला. माइक जवळ ओढला.

"राम राम मंडळी. मला माफी मागायची आहे. बेबामावशी, तुझी मागते. मी नानांना विचारलं, वाढलं का. कधी वाढलं, हे विचारायला पाहिजे होतं."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही, कारण हितेंद्रनं बटण दाबलं आणि जाहिरात सुरू झाली. तीही ज्योत्स्नाच्याच आवाजात, बिनधास्त बोला म्हणून सांगणारी. तिला काढल्याचा ईमेल ती जिना उतरेपर्यंत फोनवर आला. एवढं झटपट काम त्या कचेरीत आजवर कधी झालं नव्हतं.

नानांची गाडी बेबाबाईला न घेताच निघून गेली होती. दोघी असोद्याच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. समोर फलकावर लाल गॉगलवाली ज्योत्स्ना कमरेवर हात ठेवून उभी होती. बेबाबाईनं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, मग हळूच भाचीला विचारलं, "चांगलं बोलली ना मी? काही चुकलं तर नाई?"

"नाही गं मावशी. लय चांगलं बोललीस."

"मंग उद्यापासून परत लागते ना तुहा कार्यक्रम? गल्लीतल्या बायांले सांगून ठेवते, समद्या ऐकतीन."

ज्योत्स्नानं मावशीचा हात धरला आणि बस आली का ते बघायला मान वळवली.