जिलबीचं पक्कं पॅकिंग

मी बांधलेल्या पेटीबद्दल आजवर एकाही माणसाची तक्रार आलेली नाही.

जबलपूरच्या ज्या कारखान्यात फौजेसाठी माल बनतो, तिथल्या पॅकिंग सेक्शनमध्ये माझी उभी हयात गेली. माल बनवणारे बनवोत. पण तो बर्फात, वाळूत, चिखलात धडधाकट पोचवायचा तर शेवटचा हात आमचा. मेणकागद, भुसा, लाकडी फळ्या, वरून लोखंडी पट्टी, पट्टीला सील! आमची पेटी डोंगरावरून गडगडत आली तरी आतल्या मालाला पत्ता लागत नसे. (असं आम्हीच म्हणायचो. ढकलून कोणी पाहिली नव्हती.) लोकांना निवृत्तीला घड्याळ मिळतं. मला सोबत्यांनी वर्गणी काढून, बाजारातून कोरं करकरीत, पट्टी आवळायचं यंत्र आणि ती कापायची कैची दिली. तेव्हा मला भरून आलं होतं. आता मात्र निवृत्त माणसाच्या हाती हत्यारं देण्यावर बंदी असावी, या मताला मी आलो आहे.

तर अशा माणसाच्या, कारखान्याजवळच्या रांझी भागातल्या घरात विमानाची तिकिटं आली. जन्मात पहिल्यांदा! आमची एकुलती एक पिंकी बंगलोरला असते. तिला सातवा महिना, डोहाळजेवण ठरलेलं, आणि त्यासाठी जावयानं आम्हा दोघांची तिकिटं काढली होती. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, ज्यादा कुछ मत लाना. बस कमानियाची खोव्याची जिलबी आणा. दुसरं काही पोटात राहतच नाही."

"आणतो बेटा. अजून काय?"

"अजून काहीच नाही. बस वही," असं म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

सासरी जाताना जी पोरगी गाडीतून हसत हात हलवत गेली, ती जिलबीसाठी रडली! आता ही आमच्या कमानिया गेटची खोव्याची जिलबी म्हणजे काही साधी जिलबी नव्हे. काळीभोर, जाडजूड, इतकी मऊ की बोट लागलं की दबते, आणि जरा हिसका बसला की सगळ्या जिलब्या मिळून एकच गोळा. पण मी शब्द देऊन टाकला, "बेटा, जिलबी येईल आणि अख्खी येईल. एक वेटोळं जरी मोडलं तर नावाचा काळे नाही!"

मंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तेव्हाच माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

जावयानं एक चाकांची बॅग पाठवली होती. मी तिची चेन दोनदा मागेपुढे करून पाहिली आणि बॅग बाजूला सारली.

"काहून? काय झालं बॅगेला?" मंदानं विचारलं.

"चेन आहे हिला. अशी चेन पोरांच्या दप्तराला असते."

"सारं जग हीच बॅग घेऊन जाऊन राहिलं ना!"

"सारं जग पॅकिंग सेक्शनमध्ये होतं काय?"

दुसऱ्या दिवशी मी प्लायवूड आणलं आणि अंगणात करवत चालवायला घेतली. भिंतीपलीकडून शेजारच्या तिवारीजींनी डोकं वर काढलं.

"काळेजी, पलंग बना रहे हैं?"

"नहीं जी, हवाई जहाज़ से जा रहे हैं."

"अच्छा, अच्छा." तिवारीजी जरा विचारात पडले. "तो इसमें सामान बैठेगा कि आप लोग?"

मी करवत चालू ठेवली. संध्याकाळपर्यंत पेटी तयार झाली आणि ती बॅग तिच्यात फिट्ट बसली. म्हणजे चाकं होती, पण ती आता पेटीच्या आत होती, आणि त्यांना फिरायला जागा नव्हती. मंदा म्हणाली, "वा! म्हणजे आता बॅगेलाच उचलून न्यायचं." मी त्यातला टोमणा वगळून वाक्य प्रशंसा म्हणून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी मंदा कमानियाहून जिलबी घेऊन आली. पाक निथळू दिला, आणि जिलब्या स्टीलच्या डब्यात एकेक करून रचल्या. डबा माझ्या ताब्यात आला. मी त्याला मेणकागद लावला, दोऱ्यानं बांधला आणि बॅगेच्या मधोमध बसवला. आता त्याला चारी बाजूंनी गादी हवी. कारखान्यात आम्ही पेंढा वापरायचो. इथे मी माझे कपडे वापरले. शर्ट, पँटी, लग्नकार्याचा सिल्कचा कुर्ता, बनियन, सगळे घड्या घालून जिलबीच्या पहाऱ्यावर उभे केले.

"तुझ्या साड्या दे. वरच्या बाजूला हव्यात."

"माझ्या साड्या जिलबीवर? नको बाई! मी माझं माझ्या पिशवीत ठेवते."

"अगं, पण धक्का बसला तर?"

"अहो, फळ्यांमध्ये घालायला भुसा आणायचा होता ना तुम्हाला? आरा मशीन बंद होईल. चला, चला!"

मी पळत लाकडाच्या वखारीत जाऊन भुसा घेऊन आलो. तोवर मंदानं ओटीचं सामान बॅगेत ठेवलं होतं. खण, हळकुंड, सुपारी, खारका, बदाम आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या.

"खोबरं? बंगलोरला? अगं, तिथे घरोघरी नारळाची झाडं आहेत!"

"ते खोबरं तिथलं. माहेरची ओटी माहेरच्या खोबऱ्यानं भरतात," मंदानं निकाल दिला.

तेवढ्यात पिंकीचा फोन आला. "बाबा, सूखा नारियल मत रखना हां, प्लेन में अलाउड..."

"बेटा, ते राहू दे, आधी पट्टीचं ऐक," मी म्हणालो आणि पट्टी कशी आडवी-उभी आवळणार, कोपऱ्याला पत्रा कसा लावणार, हे तिला सविस्तर समजावलं. ती मध्ये मध्ये "बाबा, लेकिन" म्हणत होती. पोरीला माझ्या कामात किती रस आहे, असं मला वाटलं.

मग वजनाची पाळी आली. किराणावाल्याच्या मोठ्या काट्यावर पेटी चढवली. वजन विमानाच्या मर्यादेच्या पार बाहेर!

"पेटी काढून टाका," मंदा म्हणाली.

"पेटी काढली तर माल कशात नेणार?"

"बॅगेत! आत बॅगच आहे ना!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला हात लावला नाही. मी माल कमी केला. लोणच्याची बरणी काढली, कुरडया काढल्या, मेतकूट काढलं, जावयासाठी घेतलेलं चादरीचं पाकीट काढलं. शेवटी आत उरला जिलबीचा डबा, त्याच्या रक्षणाला माझे समस्त कपडे आणि ओटी. बाकीचं सगळं वजन निखळ पॅकिंगचं होतं.

राहिली पट्टी कापायची कैची. बंगलोरला पेटी उघडायला ती हवीच. पण हातातल्या सामानात कापायचं काही चालत नाही, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. मी नियमाचा माणूस! कैची मी पेटीतच ठेवली. तीही अगदी वर, झाकण काढल्याबरोबर हाताशी लागेल अशी. मग झाकण ठोकलं, पट्ट्या आवळल्या, सीलं दाबली आणि लांब उभा राहून पेटीकडे पाहिलं. नोकरीभर इतकी देखणी पेटी माझ्या हातून झाली नव्हती.

सकाळी तिवारीजींनी आपल्या गाडीतून आम्हाला डुमना विमानतळावर सोडलं. डिकी लागेना म्हणून ती दोरीनं बांधावी लागली. "आपका जहाज़ उड़ता हुआ देखकर ही जाऊँगा," म्हणत ते चहाच्या टपरीकडे गेले. आत आमची पेटी यंत्रातून जाऊन बाहेर आली, आणि गणवेशातल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, इसमें सूखा नारियल है?"

"है," मी अभिमानानं सांगितलं. "ओटी का है."

"वो अलाउड नहीं है, तेल से आग पकड़ता है. खोलकर निकाल दीजिए."

मी हसलो. मग ती हसत नाही असं दिसलं, म्हणून थांबलो. तिनं एका तगड्या तरुणाला बोलावलं. त्यानं पट्टीत बोटं घालून ओढलं, मग बोटं झटकली, मग फुंकली. कोणीतरी काउंटरवरची चिकटपट्टी कापायची कात्री आणली. कात्रीचं पातं वाकलं. पट्टीला ओरखडाही नाही! खरं सांगतो, त्या अवस्थेतही मला आतून जरा बरं वाटलं.

"अंकल, इसको खोलने का सिस्टम क्या है?"

"कैंची आती है. स्पेशल."

"तो निकालिए ना! कहाँ है?"

मी पेटीकडे बघितलं. तो पेटीकडे बघत राहिला. मंदा माझ्याकडे बघत होती.

"अहो, खरं सांगा. आत ठेवली?"

"अगदी वरच आहे," मी हळूच म्हणालो. "झाकण काढलं की लगेच हाताशी..."

"आजवर एक तक्रार आली नाही म्हणता ना तुम्ही! येईल कशी? कोणाला उघडली असेल तर ना!"

आमच्या विमानाची घोषणा झाली. आता नारळही जाईना आणि पेटीही जाईना. माझ्या डोळ्यांपुढे फोनवर रडणारी पिंकी उभी राहिली आणि मी नियम, अभिमान, सगळं सोडून हात जोडले. "बेटा, इसमें मेरी बेटी की जलेबी है. सातवाँ महीना है उसका. कुछ खा नहीं पाती. कमानिया की जलेबी माँगी है उसने."

मागची सगळी रांग हळहळली. एक बाई म्हणाल्या, "हाय, जाने दो ना भैया!" तगड्या तरुणानं एकवार परत पट्टी ओढून पाहिली. ती मुलगीसुद्धा कावरीबावरी झाली, पण नियम तो नियम. शेवटी पेटी बाहेर गेली आणि टपरीवरून धावत आलेल्या तिवारीजींच्या स्वाधीन झाली. "अरे, ये तो जाने से पहले ही लौट आई!" ते म्हणाले.

पुढच्या तपासणीत पट्टा काढायला लावला. मी एका हातानं पँट धरून उभा होतो. आता या जगात माझ्याजवळ तेवढेच कपडे होते. मंदाचं काय चाललंय, तिची पिशवी बायकांच्या बाजूला का थांबवली, ती शिपाईण का हसतेय, यातलं मला काही दिसलं नाही.

जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो, तेही खिडकीशी, आणि सगळा वेळ पुढच्या खुर्चीकडे बघत राहिलो. मंदा मात्र ढगांचे फोटो काढत होती!

"तुला काही वाटत कसं नाही गं? पोरीला काय तोंड दाखवू मी? एक गोष्ट मागितली तिनं!"

मंदानं पायाजवळची पिशवी मांडीवर घेतली, साड्या बाजूला केल्या आणि स्टीलचा डबा काढून झाकण किलकिलं केलं. आत काळ्याभोर जिलब्या, एकेक, अख्ख्या!

मी एक वेटोळं बोटानं हळूच दाबून पाहिलं.

"मग... पेटीत?"

"कबुतरांची ज्वारी आहे. तुम्ही भुशाला गेले तेव्हा तसाच दुसरा डबा हाती लागला. तुमचा मेणकागद काढून त्याला घातला."

"अगं, मी सिल्कचा कुर्ता लावला त्याला!"

"मी म्हटलं, करू द्या. हौस आहे माणसाची."

"मग सकाळी तिथे बोलली काहून नाही?"

"बोलणार होते. पण तुम्ही साऱ्या रांगेला जिलबीची गोष्ट सांगून राहिले होते, लोक रडायला आले होते. तिथे मी ज्वारी म्हटलं असतं तर दोघांनाही घरी पाठवलं असतं!"

बंगलोरला पिंकीनं घरी जाईपर्यंतही दम धरला नाही. विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून तिनं एक जिलबी खाल्ली, मग दुसरी. मी, मंदा आणि घ्यायला आलेले जावई, आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. दोन्ही पोटात राहिल्या! तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला, असं जावई म्हणाले आणि मला तिथेच उभ्याउभ्या रडू आलं.

"बाबा, एक भी टूटी नहीं! तुमचं पॅकिंग म्हणजे ना!" पिंकी बोटं चाटत म्हणाली.

मी मंदाकडे बघितलं. मंदा म्हणाली, "मग! तुझे बाबा आहेत ते." माझ्याबद्दल ती याहून चांगलं कधी काही बोललेली मला आठवत नाही.

डोहाळजेवणाच्या सगळ्या फोटोंत मी जावयाच्या कुर्त्यात आहे. जावई ताडमाड उंच, मी मंदाहून चार बोटं कमी. कुर्ता घोट्यापर्यंत आला होता आणि बाह्यांतून हात दिसत नव्हते. बाळाच्या आधी झबलं आजोबांनाच मिळालं! आणि ओटी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, तिथल्याच खोबऱ्यानं भरली गेली.

परत आलो तर पेटी तिवारीजींच्या ओसरीत होती. त्यांच्या घरातल्या प्रत्येकानं तिच्यावर हात चालवून पाहिला होता. शेवटी ती वेल्डिंगवाल्याकडे नेऊन पट्ट्या कापून घेतल्या. झाकण काढल्याबरोबर पहिली हाताशी लागली ती कैची. खाली सगळं जसंच्या तसं, कुर्त्याची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. डबा उघडला. ज्वारीच्या एकाही दाण्याला धक्का लागलेला नव्हता.

ती मी गच्चीवर नेऊन टाकली. कबुतरं उतरली, निवांत दाणे टिपले आणि उडून गेली. त्यांचीही अजून काही तक्रार आलेली नाही.