जनावर तोंड लावत नाही असं झाड

आमच्या ओट्यावर बसलं की समोर टेकडी दिसते. ती दिसू नये म्हणून गेली काही वर्षं मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून टाकतो आणि पेपर वाचतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, गुरुजी घरात भांडून बाहेर येऊन बसले आहेत. बायको म्हणते, "शाळेत पोट्टे उभे करत होते न भिंतीकडे तोंड करून, आता सोताच बसत जा." ती थट्टेने म्हणते, पण मला ते बरोबर वाटतं.

हिंगणीवरून आमच्या गावाकडे वळलं की ही टेकडी उजव्या हाताला लागते. बोर धरणावर फिरायला आलेली माणसं गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. किती हिरवंगार आहे, म्हणतात. त्यांना सांगावंसं वाटतं की जरा खाली उतरा, आत दहा पावलं जा, एखादं पान चुरगाळून नाकाशी धरा आणि मग बोला. सांगत मात्र नाही. कारण ती टेकडी मीच हिरवी केली आहे. तसा फोटोही आहे, शाळेच्या कार्यालयात, काचेच्या आत.

मी या शाळेवर बदलून आलो तेव्हा ती गवताची टेकडी होती. गावचं गायरान. मधूनमधून बोरीची झुडपं आणि बाकी सगळं गवत, पवन्या आणि कुसळ आणि उताराच्या अंगाला तिखाडी. दिवाळीनंतर वारा त्या बाजूने आला की तिखाडीचा वास वर्गात यायचा. मुलांच्या मोज्यांत कुसळं अडकलेली असायची आणि अर्धा तास ती काढण्यातच जायचा, म्हणून मी चिडायचो. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, घरोघरची गुरं जमायची आणि आमचा गायकी ती घेऊन टेकडीवर जायचा. गायकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारा माणूस. माझ्याच वयाचा, उंच, हाडकुळा, खांद्यावर काठी आडवी टाकून चालणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो. रोज दारावरून जाताना विचारायचा, "गुरुजी, चहा झाला काय?" झाला असला तरी नाही म्हणायची आमच्या घरात रीत पडली होती, म्हणजे त्यालाही कपभर देता यायचा.

शाळेच्या वृक्षारोपणाचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात जीव ओतला. आवळा लावला, बेहडा लावला, मोहाची रोपं लावली. बकऱ्यांनी खाल्ली, उरली ती उन्हाळ्याने खाल्ली. सलग तीन वर्षं मी सुकलेले खड्डे मोजत होतो आणि तालुक्याच्या बैठकीत मान खाली घालून बसत होतो. चौथ्या वर्षी वनखात्याचे एक साहेब रोपांनी भरलेला ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, हे लावा. याला जनावर तोंड लावत नाही. कुंपण नको, राखण नको." त्या झाडाला गिरिपुष्प म्हणतात. आमच्याकडे उंदीरमारी असंही म्हणतात, कारण त्याची साल उंदरांना मारायला वापरतात. मी इतका खूश झालो की साहेबांना दोनदा चहा पाजला.

त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. जागेवर सध्या काय आहे, असा त्यात एक रकाना होता. झाडं किती, झुडपं किती. गवताला रकाना नव्हता. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: "काहीही नाही. टेकडी उघडीबोडकी आहे." अक्षराचा मला फार गर्व होता.

खड्डे खणायला मुलं रांगेने लावली. गवताचे थोंबे उपटून बाजूला टाकायला मीच सांगितलं होतं. गायकी गुरं घेऊन आला, काठी टेकून बराच वेळ पाहत उभा राहिला. एक पान तोडून त्याने गाईच्या तोंडाशी नेलं. गाईने हुंगलं आणि मान फिरवली.

"गुरुजी, हे गाय खात नाई."

"तेच तर चांगलं आहे, भाऊ."

"बकरी खात नाई म्हणता. मंग चितळ, रोही तरी खाते काय?"

"नाही खात."

"मंग लावून कोनासाठी राह्यले?"

मुलं माझ्याकडे बघत होती. गुरुजींना प्रश्न विचारलेला गुरुजींना आवडत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला झाड दिसलं की चाराच दिसतो. झाड म्हणजे सावली, झाड म्हणजे पाऊस. जंगल वाढलं की जनावरं आपोआप येतील." मुलं हसली. मी त्यांना हसू दिलं. तो गुरं वळवून खालच्या अंगाला निघून गेला. त्या हसण्याची आठवण झाली की आजही कानशिलं तापतात.

झाडं जगली. एकूण एक जगली. पाणी नाही, खत नाही, तरी हातभर वाढली, मग पुरुषभर. जिल्ह्याहून माणसं पाहायला आली. बक्षीस मिळालं, फोटो निघाला, आणि मी दोन वर्षं छाती काढून फिरलो.

मग हळूहळू खालचं गवत गेलं. ते जाताना मला कळलंही नाही, कारण मी वरच बघत होतो. आधी तिखाडीचा वास यायचा थांबला. नंतर मुलांच्या मोज्यांत कुसळं येईनाशी झाली आणि मला ती सुधारणा वाटली. सावलीत रानतुळस माजली, कडेने घाणेरी चढली. त्या उग्र वासाने डोकं धरतं. सकाळी तितर ओरडायचे ते बंद झाले. थंडीत संध्याकाळच्या वेळी जंगलाकडून चितळांचा कळप गवतावर उतरायचा, तो आता टेकडीवर थांबेना, थेट खाली हरभऱ्यात नाही तर गावाच्या उकिरड्यावर. आत राहायला आली ती रानडुकरं, आणि घाणेरीच्या जाळीत बसून तीही शेतावर नजर ठेवून. कडेने गावातल्या माणसांनी कचरा टाकायला सुरुवात केली, कारण गुरं जात नाहीत तिथे माणूसही फिरकत नाही. मेलेली कुत्री, लग्नाच्या पत्रावळी, धरणावरच्या पार्ट्यांचा उरलासुरला माल. वरून हिरवंगार.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात एका सकाळी सरपंचांचा माणूस बोलवायला आला. टेकडीच्या पायथ्याशी कुत्र्यांनी एक चितळ मादी फाडली होती. खात्याची माणसं पंचनाम्याला आली होती आणि पंच म्हणून शिकलेला माणूस हवा होता. मी गेलो. गायकीही तिथेच उभा होता, त्यानेच कुत्री हाकलली होती. गुरांच्या डॉक्टरांनी तिथेच जमिनीवर तिचं पोट उघडलं. असला वास मी जन्मात घेतला नव्हता. पोटातून जे निघालं ते डॉक्टर काडीने बाजूला करत होते: वेफर्सच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, तेलकट कागदाचा बोळा, आणि एक अख्खा हातमोजा, ढाब्यावर स्वयंपाकी घालतात तसला. सगळं हिरवट चिकट पाण्यात लडबडलेलं. बाजूला जाऊन मी ओकलो.

परत आलो तर गायकी उकिडवा बसून त्या ढिगाकडे बघत होता.

"गुरुजी, एक काडी नाई गवताची," तो म्हणाला. मला टोमणा मारायचा म्हणून नाही. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "पहा न तुमी. एक काडी नाई."

कागदावर लिहिलं होतं, कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू. ते खोटं नव्हतं. मी सही केली, त्याच सुंदर अक्षरात. त्या दिवसापासून खुर्ची भिंतीकडे वळली.

गावाला दुसरी एक टेकडी आहे, मागच्या अंगाला. गवताची उरलेली तेवढीच. गायकी मग गुरं तिकडे न्यायचा. चितळंही तिकडेच येतात, मी त्याच्यासोबत जाऊन पाहिली आहेत, गाईंपासून हाकेच्या अंतरावर निवांत चरणारी. मागच्या वर्षी कळलं की तिथेही लागवड होणार. गायरान असल्यामुळे ग्रामसभेचा ठराव लागत होता. योजनेचं नाव भारी होतं, वन्य प्राण्यांच्या अधिवासाची सुधारणा. झाड तेच.

गायकी दुपारी घरी आला. ओट्यावर बसला नाही, पायरीवर बसला.

"गुरुजी, ते टेकडी गेली का माह्यी गुरं गेली. लोकं इकून टाकतीन. पोरगा कारंज्याले ढाब्यावर आहे, तो म्हणते, तू बी ये पाणी भराले. या वयात मले तिकडे कायले पाठवता?"

"मी कुठे पाठवतो, भाऊ?"

"तुमी नाई. पन माह्यं कोन ऐकते तिथी? तुमी बोला. तुमीच लावली, तुमीच सांगा का चुकलं. तुमचं ऐकतीन."

मी म्हणालो, बोलेन. शब्द दिला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "आता शब्द देल्ला तं बोलजा." मी रात्री जेवण झाल्यावर मुद्दे काढले. गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे पहिलं वाक्य. फॉर्ममध्ये मी चुकीचं लिहिलं होतं, हे दुसरं. ते लिहिताना मला फार हलकं वाटलं.

सभा शाळेतच होती, माझ्याच सातवीच्या वर्गात. भिंतीवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर मी, काळ्या केसांचा, मुलांच्या मधोमध हातात रोप धरून. खाली ठळक अक्षरात: "टेकडी उघडीबोडकी होती." माझंच वाक्य. कुणीतरी जुनी फाइल उघडून काढलं होतं. खात्याचा तरुण अधिकारी नम्र होता, माझ्या पाया पडला. म्हणाला, "सर, तुमच्यापासून प्रेरणा घेऊनच हे करतोय." आणि सभा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी माझा सत्कार ठेवला होता. खांद्यावर शाल आली. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या कुंडीतलं रोप. उंदीरमारीचं. टाळ्या वाजल्या. मुद्द्यांचा कागद सदऱ्याच्या खिशात होता आणि तो काढायला हात मोकळा नव्हता.

आता कुणी म्हणेल, नारळ खाली ठेवता येतो. येतो की. माझ्यासमोर टेबल होतं.

अधिकाऱ्याने माहिती सांगितली, सरपंच म्हणाले कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मी नारळाची शेंडी बघत बसलो. तेव्हा मागे दाराजवळून गायकीचा आवाज आला.

"गुरुजी बोलतीन."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी उभा राहिलो. शाल घसरत होती ती कोपराने धरली. अधिकारी माझ्याकडे आदराने बघत होता, फ्लेक्सवरचा मीही बघत होता. तोंड उघडलं आणि आतून जे बाहेर आलं ते मी चाळीस वर्षं प्रत्येक सत्काराला म्हणत आलो तेच. हा माझा एकट्याचा गौरव नाही, माझ्या विद्यार्थ्यांचा आहे. आपण सर्वांनी प्रेम दिलं. धन्यवाद.

खाली बसलो. टाळ्या पुन्हा वाजल्या. ग्रामसेवकाने ठराव लिहिताना विचारलं, सूचक कोण? सरपंच हसून म्हणाले, "गुरुजींशिवाय कोन?" माझं नाव लिहिलं गेलं. त्यालाही मी नाही म्हणालो नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा दाराजवळची जागा रिकामी होती.

घरी आलो तर बायकोने शाल पाहिली, नारळ पाहिला, आणि ती आत निघून गेली. मला त्या क्षणी स्वतःची जी किळस आली, ती त्या चितळाच्या पोटाची आली नव्हती. त्या मादीने काय खाल्लं ते तिला कळत नव्हतं.

पावसाळ्याआधी मागच्या टेकडीवर जेसीबी लागला. लोकांनी गुरं विकली. गायकी आता कारंज्याला असतो, हायवेच्या ढाब्यावर. जायच्या दिवशी पिशवी घेऊन दारावरून गेला. मी खुर्ची सरळ करून उठलो आणि म्हणालो, "भाऊ, चहा?" तो थांबला, म्हणाला, "झाला गुरुजी," आणि गेला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच झाला म्हटलं.

सत्काराचं ते रोप ओट्याच्या कोपऱ्यात त्याच कुंडीत पडून आहे. मी त्याला एक दिवसही पाणी घातलं नाही. बायकोलाही घालू देत नाही. शेजारच्या बकऱ्या रोज ओट्यावर चढतात, मोगरा खातात, तुळस खातात, माझा पेपरसुद्धा खातात. त्याला हुंगतात आणि उतरून जातात. परवा त्याला नवीन पानं फुटली.