खंडेनवमीचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरचं वय ओळखताना जो रंगाकडे बघतो तो मूर्ख. बॉनेट बदलता येतं, दिवे बदलता येतात, सीटवर नवं रेग्झिन चढवता येतं. चेसिसच्या नंबराची पट्टीसुद्धा बदलता येते. कारखान्यातून येते तेव्हा ती रिबिटांनी ठोकलेली असते. लबाडाच्या हातून आली की तिला स्क्रू असतात. पण इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्सचं घर आणि मागच्या एक्सलचं घर ही ओतीव लोखंडाची कामं. आमच्याकडे यायचे त्यातल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ओततानाच महिन्याचं अक्षर आणि वर्षाचा आकडा उठलेला असायचा. तिन्ही तारखा दोनचार महिन्यांत जुळल्या तर ट्रॅक्टर एका आईचा. निपाणीतल्या गॅरेजात बारा वर्षं हात काळे करून मी हे शिकलो होतो, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची आक्का, नवऱ्याच्या मागे शेत एकटीनं ओढत होती. बैल दिरांकडे. दरवर्षी आधी दिरांची नांगरट व्हायची, मग त्यांच्या मेव्हण्याची, आणि ओल उडून ढेकळं दगडासारखी झाली की मग हिची. तोवर हिनं त्यांच्या दारात उभं राहायचं आणि जावांनी आतून ‘बसा की’सुद्धा म्हणायचं नाही. मला त्या घराचा आजही संताप येतो. शेवटी आक्कानं जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. “माझं रान माझ्या येळंला नांगरायचं हाय मला. दुसरं काय बी नगं,” एवढंच ती म्हणाली.

सदलग्याकडच्या एका दलालानं ट्रॅक्टर आणला तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला बसतात. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊन कुंकू लावून पाटावर मांडलेलं; दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. उघडून बघायला बंदी असलेला वर्षातला हा एकच दिवस, आणि त्या मेल्यानं तोच निवडला. वर हार, नारळ, पेढे स्वतःच्याच पिशवीतून घेऊन आला. म्हणे, “पाच वर्सं बी झाली न्हाईत अजून गाडीला.”

आक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आज पान्याला हात लावू नगंस रं. देवाला बसवल्यात.”

मी नाही लावला. पण अक्षरं वाचायला पाना कशाला लागतो? मी खाली वाकून रुमालानं पुसलं. ब्लॉकवर एक साल, गिअरबॉक्सवर त्याच्या आठ वर्षं आधीचं, एक्सलवर तिसरंच. पट्टीला चकचकीत स्क्रू. एक्सलच्या घरावर नव्या रंगाखाली लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लुकणाचा, जाड थर हाताला लागत होता, आणि लांबी कुणी हौसेनं भरत नाही. तीन मेलेल्या ट्रॅक्टरांचा मिळून हा एक उभा केला होता.

मी उठलो. तेवढ्यात दलाल सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा मेस्त्री, निवांत बघा. तुमच्या नजरंतनं काय सुटतंय व्हय?”

मेस्त्री! आदल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस गॅरेजच्या दारातून मला ‘ए’ म्हणून हाक मारायचा. आमच्या गल्लीत आलेला हा पहिला ट्रॅक्टर. बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या, म्हातारे माझ्या तोंडाकडे बघतायत, आक्काच्या हातात नारळ.

“कसा हाय?” तिनं विचारलं.

“बरा हाय,” मी म्हणालो.

नारळ फुटला. फुटलेल्या नारळानंतर वाईट बोलू नये, अशी आमच्यात रीत. ती रीत मी पुढं पंधरा दिवस ढालीसारखी वापरली. रोज मनाशी म्हणायचो, उद्या सांगू. भेकडाला रीतभात फार लवकर आठवते.

शाळूच्या पेरणीआधी वाफसा आला, रान नांगराजोगं ओलसर झालं. बेत होता तसा आक्कानं ट्रॅक्टर रानात घातला आणि नांगराच्या तिसऱ्याच तासाला एक्सलचं घर फाटलं. काळं तेल मातीत गेलं. मी धावत गेलो, खोललं. भेगेतून लांबीची ढेकळं हातात आली. तिथूनच उठून मी दलालाकडे गेलो, गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, “मेस्त्रीनंच पास केलंय की. अख्ख्या गल्लीनं ऐकलंय.” माझा हात आपोआप सुटला. त्याला चार ठेवून दिल्या असत्या, तर त्यातल्या तीन माझ्याच थोबाडावर बसायला हव्या होत्या.

परत आलो तेव्हा आक्का बांधावर बसली होती.

“तुला त्या दिशीच कळलंतं न्हवं?”

“व्हय.”

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांत वाफसा उडणार होता. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि दिरांच्या घराच्या वाटेला लागली. मी मागोमाग निघालो, तशी वळून म्हणाली, “तू नगंस येऊ. तितं बी गप्पच हुबा ऱ्हाशील.”