युस्तिनाचा लाल झरा

क्रास नावाच्या चुनखडीच्या पठारावरच्या आमच्या गावात युस्तिनाशी भांडण नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. नवरा दगडाच्या खाणीत दबून मेला, तेव्हापासून द्राक्षाचा मळा ती एकटीच ओढायची. मळ्यात माती ओंजळभर, बाकी सगळी चुनखडी, पावसानं कुरतडून सुरीसारखी धारदार केलेली. पडलेला पाऊस दगडच पिऊन टाकायचा. वर ना नदी, ना ओढा. छपरावरचं पाणी हौदात साठवायचं आणि तेच प्यायचं.

तिच्या बांधाला लागून एक विवर होतं. तोंड खोलीएवढं, आत नुसता अंधार. नवऱ्याचा चुलतभाऊ स्तान्को डुकरं कापायचा आणि आतडी, रक्त, मेलेली जनावरं, सगळं त्यात लोटायचा.

"माझ्या नाकाशी हे घाणेरडे धंदे करू नकोस," ती ओरडायची.

"विवर काय तुझ्या बापाचं आहे, वहिनी? माझा आजा टाकायचा, मी टाकतो. अजून भरलं नाही ते."

तिची मुलगी नादा डोंगराखालच्या गावात दिलेली. ते गाव झऱ्यावर जगायचं. त्या उन्हाळ्यात नादाचं तान्हं जुलाबानं काडीसारखं झालं. युस्तिना तिला बघायला गेली, झऱ्यावर वाकली, घोटभर पाणी तोंडात घेऊन थुंकली.

"स्तान्कोची घाण पिताय तुम्ही," ती जावयाला म्हणाली.

येर्नेय हसला. "काहीतरीच, सासूबाई! कुठं तुमचं गाव, कुठं आमचा झरा. मध्ये अख्खा डोंगर आहे."

"डोंगर कसला, चाळण आहे ती."

वरच्या गावाच्या बैठकीतही तिनं विषय काढला. पण इथले सगळे हौदाचं पाणी पिणारे. "खालच्यांचं पोट खालच्यांनी सांभाळावं," म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

तिची बहीण कापडाच्या गिरणीत होती. तिच्याकडून युस्तिनानं कापड रंगवायच्या लाल भुकटीचं पोतं आणलं, मोठा पाऊस होऊन गेल्यावर विवरात रिकामं केलं आणि कुणाशी अवाक्षर बोलली नाही.

रविवारी सकाळी खालचा झरा लालभडक वाहू लागला. धुणं टाकून बायका किंचाळत पळाल्या. रंगाचं पोतं नेताना तिला कुणीतरी पाहिलं होतंच. दुपारी खालचे पुरुष काठ्या, फावडी घेऊन वर आले. पुढं येर्नेय.

"म्हातारे, लेकीच्या पोराला विष पाजतेस?"

युस्तिना फाटकातून हलली नाही. "कापडाचा रंग आहे. मीच ओतला. इतकी वर्षं विष पीत होतात, ते दिसत नव्हतं. माझा रंग ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं स्तान्कोच्या डुकरांची आतडी येतात. चला, दाखवते."

कुणाचा तरी दगड तिच्या भुवईवर बसला. रक्त पुसत ती चालू लागली, तेव्हा मागून सगळे गेले. विवराच्या काठावर ताज्या आतड्यांवर माश्या घोंघावत होत्या. मग लोंढा स्तान्कोच्या घराकडं वळला. खिडक्या फुटल्या, आणि काठावरची सगळी घाण फावड्यांनी त्याच्या स्वयंपाकघरात गेली.

विवरावर लोखंडी जाळी बसली. झरा निवळला, नादाचं पोर बाळसं धरू लागलं. पण आपल्या माणसाच्या अंगावर तिनं परके घातले, हे वरचं गाव विसरलं नाही. एका सकाळी युस्तिनाच्या सगळ्या वेली बुंध्यातून तोडलेल्या दिसल्या. तिनं खुंट उपटले आणि नवी कलमं लावली, स्तान्को कुंपणापलीकडून बघत असताना. येर्नेयनं एकदा माफी मागायला वाइनची बाटली आणली. तिनं ती त्याच्यासमोर दगडांवर ओतली.

"पोराला घेऊन नादाला पाठव. तू नको येऊस."

पाद्रीबुवा तिच्या म्हातारपणी समेट करायला म्हणून स्तान्कोला दारापर्यंत घेऊन आले, तर तिनं आतून कडी लावली.

ती गेली तेव्हा शवपेटी उचलायला चार माणसं खालच्या गावातून आली. वरच्या गावातल्या खिडक्या उघडल्या नाहीत.