सात्या विकणारी बाई

लाखनीच्या बाजारात वाळलेल्या सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, विकणारी एक बाई मला एकदाच भेटली. प्रत्येक पुडीतला एक तुकडा ती गिऱ्हाईकासमोर आधी स्वतः चावून खात होती.

आमच्या ह्यांची लघवी तीन दिवस जळत होती, अन् दवाखान्याचं नाव काढलं की ते भिंतीकडं तोंड करायचे.

"लघवीच्या जळजळीले चालते ना वं?" मी विचारलं.

"लोक नेतेत. ताप हाय का?"

"कालपासून हाय. पन हे दवाखान्याले नाही म्हनतेत."

तिचं चावणं थांबलं. माझ्या हातातली पुडी तिनं परत घेतली. "मंग इथं कायले उभी हायेस, माय? दवाखान्यात ने त्याइले. नाही म्हनतीन, तरी ने."

रिकाम्या हातानं मी बसमध्ये बसले. ह्यांना काय सांगून उठवायचं, ते मनात जुळवत होते, अन् बस काही सुटेना.