शोभाताईंचा मास्क

साथीच्या दिवसांत मी एका औषध कारखान्यात हजेरी घ्यायचो. कायम कामगारांना कंपनीकडून रोज मास्क आणि हातमोजे मिळत. साफसफाईच्या कंत्राटी बायका मात्र तोंडाला पदर बांधून त्याच हॉलमध्ये फरशी पुसत. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका सकाळी त्यांच्यातल्या शोभाताई गेटवरच थांबल्या. मागे बाकीच्या बायका उभ्या होत्या. मॅनेजरसाहेब बाहेर आले, तेव्हा शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आजार काय कंत्राट बघून येतो का? मास्क मिळाल्याशिवाय आम्ही आत येणार नाही."

साहेबांनी बायकांच्या तोंडावर बांधलेल्या पदरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं आमचं. तुम्ही सांगायच्या आधीच हे मला दिसायला हवं होतं." त्यांनी तिथल्या तिथे खोकं मागवलं आणि पहिला मास्क स्वतःच्या हातानं शोभाताईंना दिला.

माणूस म्हणून मोजलं जाणं किती साधं असतं, आणि त्यासाठी किती धीर लागतो. शोभाताई ताठ मानेनं आत गेल्या. त्यांच्यामागून चालताना मलाच जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि मला तर पहिल्या दिवसापासून मास्क मिळत होता.