एका जागेसाठी एकशे ऐंशी

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत जीवराम सरांचा टायपिंगचा क्लास होता. मशिनं चारच, पण सरांच्या हाताखालून गेलेली मुलं कचेऱ्यांत चिकटायची, म्हणून मशिनावर बसायला नंबर लावावा लागे. चौऱ्याहत्तर साली महावीर नावाच्या तरुणानं आग्रा रोडवर बारा मशिनांचा क्लास काढला. फी निम्मी, वर छताला पंखे. सहा महिन्यांत सरांची तीन मशिनं झाकून ठेवायची वेळ आली.

शेवटी उरली फागणे गावची लता. तिचे वडील पुना एकदा क्लासच्या दारात अवघडून उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, तठे फी कमी शे. बठ्ठा पोरं तठेच जातस. पण पोरगी ऐकत नाही."

सर म्हणाले, "सगळी पोरं तिकडं जातात, ते खरंच. लताला नेलीत तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

पण लता राहिली. तिची बोटं मशिनावर चांगली पळायची.

पुढं जळगावच्या एका सहकारी संस्थेत टंकलेखकाची जागा निघाली. सरांनी बेचाळिसाव्या वर्षी अर्ज केला. घरात फक्त बायकोला, इंदिराबाईंना, माहीत होतं. पहाटेच्या एसटीनं ते जळगावला पोचले, तर संस्थेच्या आवारात एकशे ऐंशी जण. त्यांतले कितीतरी त्यांनीच शिकवलेले. काहींनी नमस्कार केला, काहींनी तोंड फिरवलं. लताही होती. ती खाली बघत म्हणाली, "सर, तुम्ही येणार हे ठाऊक असतं तर मी अर्जच केला नसता."

"केलास ते बरं केलंस. बस जाऊन."

परीक्षेत तिची जागा नेमकी त्यांच्या शेजारी आली. सुरू व्हायला दोन मिनिटं असताना तिच्या मशिनाची रिबन अडकली. तिनं हात वर केला, पण पर्यवेक्षक पलीकडे नावं तपासण्यात गुंतला होता. लताचं तोंड उतरलं. सर उठले, झाकण उघडलं, रिबन सरळ बसवली आणि जागेवर आले. घंटा झाली तेव्हा त्यांनी स्वतःचा कागदही नीट लावला नव्हता.

आठ दिवसांनी निकाल लागला. पहिली लता, दुसरे जीवराम. जागा एकच.

इंदिराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिची रिबन अडकली तेव्हा तुम्ही गप्प बसायचं होतं."

"हो, बसायचं होतं," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना नुसता थकवा आला होता, आणि तो झोपूनही जाईना.

दिवाळीनंतर त्यांनी चारही मशिनं महावीरला विकली आणि त्याच्याकडेच शिकवायला राहिले. महावीर माणूस वाईट नव्हता. सरांना खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. दोन वर्षांनी स्टँडजवळ तिसऱ्याच कुणाचा तरी क्लास निघाला. तिथं फी आणखी कमी. महावीर एका दुपारी सरांजवळ येऊन बसला. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सर, पगार थोडा कमी करावा लागेल. आणि सकाळी सहाची बॅच घ्याल का? स्टँडजवळचे साडेसहाला उघडतात."

सरांनी समोरच्या मुलीचा कागद तपासत मान हलवली. "घेतो," ते म्हणाले.